न कळल्याचा रुपया

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण हे कोणाला दाखवायचं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. आमच्या गावात तेवढीच होती. पाचवीला अंबाडीला जावं लागायचं आणि मुलींना तेवढ्या लांब कोणी पाठवत नसे. त्यानंतर लिहिलं ते वाणसामानाची चिठ्ठी आणि सही, बस. लिहिताना डावा हात कागदावर आडवा धरायची सवय अजून आहे, घरात कोणी नसलं तरी.

आज लिहायला बसले कारण रंगारी आले आहेत आणि उद्या जिन्याची भिंत घासणार आहेत. त्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत. याआधी दोनदा ह्यांनी भिंत रंगवायचं काढलं, तेव्हा मी काहीतरी निमित्त सांगून टाळलं. या वेळी टाळलं नाही. पण भिंत जायच्या आधी सरांविषयी लिहून ठेवावं असं वाटलं.

सर आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. आले तेव्हा एक वळकटी, एक कॉम्प्युटर आणि एक चावीचं घड्याळ, एवढंच सामान. कोनच्या नाक्यावर एक क्लास होता, तिथे बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवत. ताऱ्यांच्या अभ्यासात पीएच.डी. केली होती. तेवढं झालं तरी ताऱ्यांची नोकरी लगेच मिळत नाही म्हणे. आधी एखादी मोठी संस्था दोन-तीन वर्षं पगार देऊन संशोधन करायला लावते, तिला फेलोशिप म्हणतात, आणि तिच्यासाठी दरवर्षी अर्ज करावा लागतो. ह्यांनी विचारलं, “मग कधीपर्यंत मिळंल?” सर म्हणाले, “चार वर्षांपासून मिळतेच आहे.”

खोलीचं भाडं कमी होतं, कारण मागची भिंत लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांच्या, कारखान्याला लागून. हादऱ्याने दिवसभर भांडी फळीवर सरकत सरकत कडेला येतात, संध्याकाळी ती परत आत ढकलायची. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. सरांनी कॉम्प्युटरखाली गोधडीची घडी घातली होती आणि वरून रुमाल, कारण कापसाची भुरी सगळीकडे बसते. शुक्रवारी जुम्मा, लूम बंद. त्या दिवशी सर क्लासला सुट्टी घेत आणि सकाळपासून लिहायला बसत. आदल्या दिवशीच ते ह्यांना सांगून ठेवत, “उद्या शांतता आहे, मला हाक मारू नका.”

रस्त्याने चालायचे ते मान खाली घालून. ह्यांनी एकदा म्हटलं, “सर, तारे तर वर असतात.” सर म्हणाले, “वरचे कुठे जात नाहीत. हा खड्डा काल इथे नव्हता.”

लाइट गेली की सगळी आळी शिव्या घालायची आणि सर गच्चीवर जायचे. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग फार. उन्हाळ्यात अंधार पडता पडताच जायची. मग वरून त्यांचा आवाज यायचा, “आता दिसतंय.” कारखान्यातले कारीगर युपीचे, तेही काम बंद पडल्यामुळे बाहेर बाजा टाकून बसलेले असत. ते खालून ओरडत, “मास्टरजी, उपर जाके बोलो ना, लाइट भेज दे.” सर खरोखर विचार केल्यासारखे थांबायचे आणि म्हणायचे, “दो घंटा रुको, अभी मेरा काम है.”

आणखी एक सवय म्हणजे कोणी काही बोललं की “म्हणजे काय?” असं विचारायचे. भाजीवाली म्हणाली, मेथी ताजी हाय. सर म्हणाले, “ताजी म्हणजे कधीची?” ती म्हणाली, आजची. “आजची म्हणजे आज उपटलेली की आज आणलेली?” ती शेवटी टोपली उचलून गेली. मेथी मला नाक्यावरून आणावी लागली. लोकांना वाटे हा माणूस वाद घालतो. त्यांना वाद घालायचा नसे. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं असे, आणि लोकांना राग का येतो ते त्यांना कळत नसे.

त्यांचं जेवण माझ्याकडे होतं. मी ताट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायची, ताटावर वाटीने वाजवायची आणि आत यायची. बोलायची नाही. मी कोणाशीच बोलत नसे. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणायच्या, बोलती आणली की मुकी ते बघायला पाहिजे होतं. सर ताट घासून आणून ठेवत. पुरुषमाणसाने घासलेलं ताट उचलताना मला इतकी लाज वाटायची की ते मी पदराखाली झाकून आत न्यायची.

त्या घड्याळाचं तर काय सांगावं. ते रोज थोडं थोडं पुढे जायचं. महिन्याभरात दोन तास पुढे. ह्यांचं डोकं मशीनचं, लूमचे फिटर आहेत ते. एक दिवस सर क्लासला गेले असताना ह्यांनी मायेने वर जाऊन ते घड्याळ उघडलं, नीट केलं आणि बरोबर वेळ लावून ठेवली. संध्याकाळी सरांना सांगितलं, घ्या, आता मिनिटाचा फरक पडायचा न्हाय. सर जिन्यातच बसले. मग त्यांनी सांगितलं की ते घड्याळ मुद्दाम तसं केलेलं होतं. तारे रोज थोडे लवकर उगवतात, तर ते ताऱ्यांच्या वेळेचं घड्याळ होतं. ह्यांचं तोंड उतरलं. सर रागावले नाहीत. फक्त एवढंच विचारलं, “किती वाजता लावलंत ते आठवतंय का?” आणि मग जेवण थंड होईपर्यंत आकडेमोड करत बसले. तेव्हापासून हे सरांना मानायला लागले, पण चेष्टाही जास्त करायला लागले.

आता अर्जाचं लिहिते. हे लिहायला मला जड जातं.

त्या अर्जात पुष्कळ कागद असत. केलेलं काम, करायचं काम, तीन मोठ्या शिक्षकांची शिफारसपत्रं. पण एक पान असं होतं की ज्याने हा विषय शिकलेला नाही त्याला समजेल अशा साध्या शब्दांत सांगा, तुम्ही काय शोधणार आहात. सरांनी ठरवलं, हे पान आधी मराठीत वहिनींना, म्हणजे मला, वाचून दाखवायचं. त्यांना कळलं की मग त्याचं इंग्रजी करायचं. ते ह्यांच्याशी बोलले. हे हसले आणि म्हणाले, घ्या वाचून, भिंतीला वाचून दाखवण्यापेक्षा बरं.

शुक्रवारी दुपारी सर वरच्या पायरीवर बसायचे, मी खालच्या, तांदूळ निवडत. ते वाचायचे. मध्ये थांबून विचारायचे, “कळलं?” मी मान हलवायची. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण एवढा शिकलेला माणूस आपल्याला विचारतो आहे आणि आपण नाही म्हणायचं, हे तोंडातून निघेना. वाटायचं, नाही म्हटलं तर ते विचारतील काय नाही कळलं, आणि ते तरी मला कुठे सांगता येणार होतं. हो म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. पुढचं वाचायचे. मी पुन्हा मान हलवायची. असे तीन-चार शुक्रवार गेले आणि अर्ज गेला.

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. निवड झाली नव्हती. हे घरी होते, मी चहा ठेवत होते. सर खाली आले, हातात तो कागद, आणि हसत होते. ह्यांना म्हणाले, “गंमत बघा. लिहिलंय, काम चांगलं आहे, पण साध्या शब्दांचं पान कोणालाही समजत नाही. मोठे मोठे लोक आहेत हे. आमच्या वहिनींना सगळं कळलं, आणि यांना नाही कळलं.”

हे म्हणाले, “हिला? सर, हिला लाइटबिल कळत न्हाय.”

सर माझ्याकडे वळले. चिडून नाही, अगदी सहज विचारलं. “वहिनी, मी दोन तारे म्हणालो होतो ना, ते कुठले दोन?”

मी चहाकडे बघत राहिले. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला नाही, कारण वळावं लागलं असतं. ह्यांनी उठून बंद केला. सर म्हणाले, “बरं, बरं,” आणि वर गेले. त्या दिवशी पायरीवरचं ताट तसंच राहिलं. मी ते उचलायलाही गेले नाही. हे घेऊन आले.

नंतर ह्यांच्याकडून कळलं की पस्तिशीनंतर तो अर्ज घेत नाहीत आणि सरांना आता एकच वर्ष उरलं होतं. एका वर्षाचं त्यांचं नुकसान माझ्या मानेने केलं होतं. मला आठवडाभर जेवण गेलं नाही. ताट ठेवायची ते वाटी न वाजवता. ते थंड जेवत असतील हे कळत होतं, तरी वाजवायचं धाडस होत नव्हतं.

मग एका शुक्रवारी सर वरून म्हणाले, “वहिनी, जरा बसता का.” मी बसले, तांदळाशिवायच, हात मांडीवर. ते म्हणाले, चूक त्यांची होती. त्यांनी प्रश्नच असा विचारला होता की समोरच्याला हो म्हणावं लागावं. आता नवीन नियम. मी जेव्हा जेव्हा कळलं नाही म्हणेन, तेव्हा तेव्हा ते मला एक रुपया देणं लागतील. “आणि खोटं हो म्हणालात, तर एक रुपया तुम्ही मला.” खिशातून कोळशाचा तुकडा काढला. माझ्याच शेगडीजवळचा होता. म्हणाले, आत्ता पैसे नाहीत, रेघा मारून ठेवू.

मग वाचलं. “आकाशात काही ठिपके एकटे दिसतात, पण ते दोन असतात. कळलं?”

मी पायरीकडे बघत होते. बाहेर बर्फाच्या गोळ्याची गाडी येऊन गेली.

“न्हाय,” मी म्हटलं.

“काय नाही कळलं?”

“दोन हायत, तर दोन का दिसत न्हाय?”

सरांनी भिंतीवर रेघ ओढली. माणसाला बक्षीस मिळावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी तिथेच ते वाक्य खोडलं आणि बराच वेळ गच्चीवर फेऱ्या मारल्या. खाली येऊन म्हणाले, “नाशिक हायवेवर लांबून ट्रक येतो. पुढे दिवे दोन असतात. पण लांबून किती दिसतात?” मी म्हटलं, एक. “कळलं?” ते मात्र मला खरंच कळलं. म्हटलं, हो. आणि इतकी लाज वाटली की उठून आत आले. न कळण्यापेक्षा कळलं हे सांगायची लाज जास्त होती.

असं वर्षभर चाललं. ते दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, एक दुसऱ्याच्या पुढे आला की उजेड कमी होतो, किती कमी होतो ते मोजून दोघांचा आकार सांगता येतो. एकेका ओळीला चार-चार, पाच-पाच रेघा पडल्या. हे घरी आले की भिंत बघायचे आणि कारीगरांना सांगायचे, “आमची बायको न कळण्याचा पगार घेते. तुमच्या मालकाला सांगा, तुम्हाला पण चालू करंल.” ते हसायचे. मला राग यायचा, पण पूर्वीसारखं मेल्याहून मेल्यासारखं होत नव्हतं.

शेवटचा शुक्रवार आला. कुरिअरवाल्याचं दुकान संध्याकाळी बंद व्हायचं आणि त्या दिवशी पाकीट गेलं तरच वेळेत पोचणार होतं. सर शेवटच्या ओळी वाचत होते. त्या जोडीतले दोन्ही तारे एकाच वेळी जन्मलेले. त्यातला जो मोठा, तो आधी म्हातारा होतो. पण या जोड्यांत जो म्हातारा दिसतो तो लहान आहे. कारण एके काळी तोच मोठा होता आणि त्याचं बरंचसं अंग जोडीदाराकडे वाहून गेलं. ते कसं गेलं हे मी शोधणार आहे.

“कळलं?”

वाहून गेलं ते कळलं होतं. पण जो मोठा तो आधी म्हातारा, हे कळलं नव्हतं. ज्याच्याकडे जास्त आहे तो आधी कसा संपेल? हे माझ्या ओठावर होतं. पण नाही म्हटलं असतं तर ते गच्चीवर फेऱ्या मारायला गेले असते आणि दुकान बंद झालं असतं. शिवाय इंग्रजी व्हायचं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा मागच्या वर्षीसारखाच खुललेला होता, आणि माझी मान मागच्या वर्षीसारखीच हलली.

“हो.”

“नक्की?”

“हो.”

त्यांनी कोळसा परत खिशात टाकला. पांढरा शर्ट होता. तसाच काळा खिसा घेऊन ते कुरिअरवाल्याकडे धावले.

त्या वर्षी त्यांना बंगळूरला मुलाखतीला बोलावलं. परत आले ते सरळ स्वयंपाकघराच्या दारात. आत कधी येत नसत. म्हणाले, “वहिनी, ते पान त्यांना फार आवडलं. शेवटच्या ओळी तर त्यांनी मोठ्याने वाचल्या.” मी पीठ मळत होते. हातभर पीठ लागलेलं, तोंड लपवायला पदरही धरता येईना. महिन्याभरात निवडीचं पत्र आलं. हे म्हणाले, तू का रडतेस, पोरगी सासरी चालली का? मी काय सांगणार होते. तो अर्ज बुडाला असता तर मी दोषी होते, आणि तरला तरी त्यात माझं एक खोटं गेलं होतं. आणि नेमकं त्याचंच कौतुक झालं होतं.

जाताना सरांनी भिंतीवरच्या रेघा मोजल्या. त्र्याऐंशी. म्हणाले, पहिल्या पगारात. आणि आली मनीऑर्डर. पोस्टमन म्हणाला, बंगळूरहून त्र्याऐंशी रुपये, हा कसला आकडा? मी सही केली, डावा हात आडवा धरून. सरांच्या बाजूने सगळे फिटले. माझ्याकडचा एक राहिला. एक रुपयाचं नाणं मी जिऱ्याच्या डब्याखाली वेगळं ठेवलं. पाठवायचं तर एक रुपया कसा पाठवणार, आणि सोबत काय लिहिणार, या अक्षरात. जिरं काढताना दर वेळी ते नाणं दिसायचं. दर वेळी मी डबा परत त्याच्यावर ठेवायची.

मागच्या महिन्यात सर आले. कल्याणला कोणाच्या लग्नाला आले होते, तिथून रिक्षा करून. केस बरेच पांढरे झालेत. रिक्षा दाराशी थांबलेली, गाडीची वेळ झालेली, मान मात्र अजून खालीच. ह्यांनी विचारलं, “ताऱ्यांचं घड्याळ हाय का अजून?” सर म्हणाले, आहे, आणि कोणाला हात लावू देत नाही.

मी चहा आणला. बशीत कपाच्या बाजूला तो रुपया ठेवला.

सरांनी रुपयाकडे पाहिलं. हे म्हणाले, अगं, बशीत काय टाकलंस? सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“कुठली ओळ?”

“शेवटची,” मी म्हटलं. “मोठा आधी म्हातारा होतो ती.”

“म्हणजे तेव्हा…”

“दुकान बंद झालं असतं.”

सरांनी रुपया उचलून शर्टाच्या खिशात टाकला. मग म्हणाले, “काय नाही कळलं?”

हे समोर होते, रिक्षावाला दारात होता. मी पदर पुढे ओढला नाही. हात पदराकडे गेला होता, मी परत आणला. म्हटलं, “ज्याच्याकडं जास्ती हाय, तो आधी कसा संपंल? डब्यात तांदूळ जास्ती असले तर जास्ती दिवस पुरतात.”

सर चहा विसरले. म्हणाले, तांदूळ दुप्पट आहेत, खरं आहे. पण मोठ्या ताऱ्याच्या घरात खाणारे दुप्पट नाहीत, दहापट आहेत. म्हणून डबा मोठा असूनही आधी रिकामा होतो.

मी विचार केला. सगळे थांबले होते. रिक्षावाल्यानेसुद्धा इंजिन बंद केलं होतं.

“खाणारे दहापट का?”

सरांची नजर गच्चीच्या जिन्याकडे गेली. हे म्हणाले, “झालं. सर, तुमची गाडी गेली.”

“कळलं?” सरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं.

“न्हाय कळलं,” मी म्हटलं.

सर हसले. खिशात हात घातला, तोच रुपया काढला आणि माझ्या हातावर ठेवला. भिंतीवर रेघ मारली नाही, कारण रोखीत झालं. रिक्षात बसेपर्यंत ते तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होते. रिक्षा वळली तेव्हा डोकं बाहेर काढून ओरडले, “कळवतो.”

रुपया चहाने चिकट झाला होता. मी तो धुतला, जिऱ्याच्या डब्याखाली ठेवला नाही, इतर सुट्या पैशांत टाकला. संध्याकाळी त्याची कोथिंबीर आली. आमचे सगळे पैसे फिटले, आणि मी ह्यांना सांगितलं, आता जिना रंगवून घ्या.